समासातली मराठी

माने सरांच्या प्रयोगवहीत मजकूर इंग्रजीत असायचा आणि समासात मराठी. पण ती मराठी कन्नड लिपीत. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलली गेली, शाळा मात्र कन्नड. त्यामुळे देवनागरी त्यांना अक्षर अक्षर लावून वाचावी लागे. संस्थेतल्या कुणीही ती वही उघडली तरी समासातली अक्षरं त्याला वाचता यायची, अर्थ लागायचा नाही. अर्थ कळणारा मी एकटाच होतो. एके काळी मी हे कौतुकाने सांगत असे.

मी सांगलीचा. पीएच.डी. झाल्यावर म्हैसूरच्या एका संशोधन संस्थेत लागलो. श्वसनाच्या विषाणूंवर नॅनोकणांची लस तयार करण्याचं काम तिथे चाले. त्या कामाचे प्रमुख ‘डॉ. के. राव’. दारावर एवढीच पाटी. मी त्यांना कन्नडिगा समजून इंग्रजीत ओळख करून दिली. त्यांनी माझा अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, “देसाई म्हणजे घरात मराठीच काय?”

खंडोजीराव माने हे त्यांचं पूर्ण नाव. पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोडेस्वार म्हणून आले आणि इथलेच झाले. कागदोपत्री ‘माने’ कधीतरी गळून पडलं आणि नुसतं ‘राव’ राहिलं. मी पहिल्या दिवसापासून त्यांना माने सर म्हणू लागलो. त्यांना ते आवडत असावं, पण त्यांनी तसं कधी बोलून दाखवलं नाही.

उंच, सडपातळ माणूस. येलवालला घर, तिथून रोज हुणसूर रस्त्याने जुनी स्कूटर चालवत यायचे. प्रयोगशाळेत शिरताना आणि बाहेर पडताना हात कोपरापर्यंत धुवायचे. उंदरांचे पिंजरे धुणाऱ्या बाईंनाही अहो-जाहो करायचे. यावरून कुणाला ते मवाळ वाटले तर ते चूक. एका विद्यार्थिनीने आलेखातला एक ठिपका, बाकीच्यांत बसत नव्हता म्हणून, न सांगता वगळला होता. सरांनी तिला तीन महिन्यांचं काम पहिल्यापासून करायला लावलं. ती व्हरांड्यात रडत होती आणि हे शेजारच्या बेसिनवर हात धूत होते. मी मध्ये पडायला गेलो तर म्हणाले, “ठिपका कुठे गेला ते सांगितलं असतं तर आयतु, मी काय बोललो नसतो. सुम्ने पुसून टाकायचं म्हणजे काय?” आयतु म्हणजे झालं, ठीक आहे, सुम्ने म्हणजे उगीच. त्यांच्या मराठीत दर दोन वाक्यांत असे कन्नड शब्द यायचे.

त्यांतला सर्वांत जास्त येणारा शब्द ‘गोत्तिल्ला’. माहीत नाही. मोठमोठ्या बैठकांत, बाहेरचे तज्ज्ञ बसलेले असताना, कुणी प्रश्न विचारला की आम्ही बाकीचे गोल गोल उत्तरं द्यायचो. सर डोळे मिटून क्षणभर विचार करायचे आणि म्हणायचे, “गोत्तिल्ला.” मग तेच इंग्रजीत. त्यात त्यांना लाज वाटत नसे. डायरेक्टरांना मात्र त्यांच्या वतीने वाटायची.

आमची लस नाकात थेंब सोडून द्यायची होती. सरांच्या घरात लसीला चुच्चुमद्दु म्हणत. चुच्चु म्हणजे टोचणं, मद्दु म्हणजे औषध. “टोचायची नाही, तर मग हिला म्हणायचं काय?” हे कोडं त्यांना बरेच दिवस पडलं होतं. काम होतं ते असं. तान्ह्या बाळांच्या श्वासनळ्यांच्या अगदी बारीक टोकांना सूज आणणारा एक विषाणू आहे. मोठ्यांना त्याची नुसती सर्दी होते, बाळं मात्र गुदमरतात. त्या विषाणूच्या अंगावरचं एक प्रथिन घ्यायचं आणि केसाच्या जाडीत शेकडो मावतील इतक्या बारीक कणांवर ते बसवायचं. नाकात गेलं की शरीराला वाटतं विषाणूच आला, आणि ते दारातच तयारीला लागतं.

हे कण तयार करणाऱ्या यंत्राचा एक परदेशी भाग एकदा फुटला. नवा यायला वर्ष लागेल असं कळलं. सर तो तुकडा रुमालात गुंडाळून मेटगळ्ळीला एका वर्कशॉपमध्ये गेले. मी बरोबर होतो. लेथवर काम करणाऱ्या मिस्त्रींनी विचारलं, भोक केवढं पाहिजे? सरांनी स्वतःच्या डोक्यातला एक केस उपटून त्यांच्या तळहातावर ठेवला. मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी केस उजेडात धरून पाहिला. त्यानंतर तीन दुपारी सर तिथे स्टुलावर बसून होते. तिसऱ्या दिवशीचा तुकडा चालला. लेख लिहिला तेव्हा आभारांत सरांनी मिस्त्रींचं नाव घातलं. वरून सांगण्यात आलं की संस्थेच्या लेखात लेथवाल्याचं नाव शोभत नाही. सरांनी वाद घातला नाही. त्यांनी लेख कपाटात ठेवला आणि चार महिने पाठवला नाही. शेवटी नाव राहिलं.

दर थंडीत ते नव्या विद्यार्थ्यांना सरगूरच्या सरकारी दवाखान्यात न्यायचे. पहिल्या वर्षी मीही गेलो. लहान मुलांच्या वॉर्डात प्रत्येकाला एकेका खाटेशेजारी बसवायचे आणि सांगायचे, एक तास या बाळाचे श्वास मोजा. बस, आणखी काही नाही. माझ्या वाट्याला दोन-तीन महिन्यांची मुलगी आली. प्रत्येक श्वासाला तिच्या बरगड्यांखाली खळगा पडायचा. आई शेतातून तशीच उठून आलेली होती. मी मोजतोय हे पाहून तिने मला विचारलं, डॉक्टर, कमी झाले का? मी डॉक्टर नव्हतो, आणि कमी झाले नव्हते.

परत निघताना नर्सने सरांना लशींचा फ्रीज दाखवला. सकाळपासून वीज नव्हती, बर्फाच्या पिशव्या वितळत आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी वहीच्या समासात वाक्य होतं: ‘ओली लस सरगूरपर्यंत पोचणार नाही. पावडर पाहिजे.’

लस सुकवण्याची कल्पना अशी त्यांचीच होती. पावडर करायची, पुडीत न्यायची, तिथे पाण्यात विरघळवायची.

पहिला मोठा प्रयोग ओल्या लसीवर झाला, कारण पावडर अजून जमत नव्हती. लस दिलेल्या उंदरांना नंतर विषाणू दिला. त्यांची फुप्फुसं स्वच्छ राहिली. कोरोना नुकताच ओसरला होता आणि लस म्हटलं की सगळे कान टवकारायचे. एक कंपनी पुढे आली. वर्तमानपत्रात सरांचा फोटो आला, त्यात ते फोटोग्राफरकडे न बघता हातातल्या शिशीकडे बघत होते. वर्षभरात पावडरही जमली आणि दुसरा प्रयोग पावडरीवर झाला. कंपनीला पावडरच हवी होती.

त्या प्रयोगातल्या फुप्फुसांच्या काचपट्ट्या आल्या त्या दुपारी सरांनी मला बोलावलं. सूक्ष्मदर्शकावरून उठले आणि म्हणाले, “बघा. काय दिसतं ते सांगा. काय वाटतं ते नको.”

मला दिसलं ते असं, की लस न दिलेल्या उंदरांपेक्षा लस दिलेल्यांची फुप्फुसं जास्त भरलेली होती. जिथे हवेची रिकामी जागा दिसायला हवी तिथे पेशींची गर्दी. म्हणजे लस नुसती निरुपयोगी नव्हती. तिने आजार वाढवला होता. याच विषाणूच्या बाबतीत खूप पूर्वी परदेशात असं घडलेलं आहे, आणि ते उंदरांत नव्हे, बाळांत. हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. सर पुन्हा बसले आणि संध्याकाळपर्यंत एकेक काच बघत राहिले.

त्या दिवशीच्या पानाच्या समासात त्यांनी लिहिलं: ‘ही बॅच बिघडली काय? गोत्तिल्ला.’

दोन दिवसांनी पुढच्या पानावर लिहिलं: ‘बॅच पुन्हा तपासली. चांगली आहे. दोष बॅचचा नाही, सुकवण्याचा असेल. माझीच चूक. ओली आणि सुकी शेजारी शेजारी ठेवून परत करायला पाहिजे.’

वही टेबलावर उघडी होती. मी दोन्ही पानं वाचली. सर तेव्हा हात धुवायला गेले होते.

त्यांनी डायरेक्टरांना पत्र लिहिलं की काम थांबवा, मला सहा महिने द्या. कंपनीशी करारावर सह्या व्हायच्या होत्या, तीन आठवड्यांनी, मंत्री येणार होते, निमंत्रणपत्रिका छापून झाल्या होत्या. डायरेक्टर वाईट माणूस नव्हते, आवाजही कधी चढवायचे नाहीत. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, कॉफी मागवली आणि वहीच्या एका पानाची झेरॉक्स समोर सरकवली. इंग्रजी मजकूर आम्हाला समजला, म्हणाले, पण बाजूचं हे काय आहे ते बघा. मग त्यांनी स्वतःच ते मोठ्याने वाचलं. कन्नड अक्षरं, कन्नड ठेका, अर्थ ठाऊक नाही. “ही... बॅच... बिघडली... काय.” शेवटचा शब्द मात्र त्यांना समजला आणि ते हसले.

मी अर्थ सांगितला. त्यांनी तो लिहून द्यायला सांगितला. मी लिहिला: बॅच खराब झाली असावी का, अशी शंका डॉ. राव यांनी नोंदवली आहे. शब्दाला शब्द बरोबर होता. त्यांनी विचारलं, “एवढंच ना?”

मी म्हणालो, “या पानावर एवढंच.”

त्या वेळी माझी नेमणूक कायम व्हायची होती. कागद त्यांच्याच टेबलावर होते, पण त्यांनी त्याचं नाव काढलं नाही. काढलं असतं तर कदाचित मी चिडलो असतो आणि सगळं सांगितलं असतं. पण खरं कारण तेवढंच नव्हतं. लसीवर माझंही नाव होतं. मलाही ती बॅचच बिघडलेली हवी होती.

सरांच्या पत्रावर निर्णय घ्यायला नेमलेल्या समितीची बैठक झाली, तिला मी नव्हतो. नंतर कळलं ते असं. सरांच्या हातात माझा कागद देण्यात आला. त्यांनी तो वाचला आणि पुढच्या पानावर आणखी लिहिलंय असं सांगून त्याचा अर्थ स्वतः सांगितला. त्यावर एक सदस्य म्हणाले की ज्यांच्या कामाचा प्रश्न आहे त्यांनीच भाषांतर करणं योग्य होणार नाही. दुसऱ्यांचं भाषांतर तर आपल्यासमोर आहेच. दुसरा प्रयोग ‘बॅच बिघडल्यामुळे विचारात घेतला नाही’ असं अहवालात ठरलं. सरांनी त्यावर सही केली नाही. खिशातून नमुने ठेवायच्या शीतखोलीची किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि बाहेर आले.

मी व्हरांड्यात होतो. मला पाहून थांबले. आवाज नेहमीसारखाच होता. “देसाई, पुढचं पान वाचायचं राहिलं काय?”

मी म्हणालो, “मला एकाच पानाची झेरॉक्स दिली होती, सर.”

हेही खरंच होतं. त्यांनी मान हलवली. “आयतु,” म्हणाले, आणि बेसिनकडे गेले. मी अजूनही समितीच्या खोलीत जाऊन सांगू शकलो असतो. सदस्य आत चहा पीत होते. सरांनी तसं सुचवलं नाही. स्वतःसाठी कुणाकडे काही मागायचं त्यांना जमतच नसे. आणि मी वाट बघत उभा राहिलो की ते मागतील.

सह्या झाल्या, फोटो निघाले. फोटोत मी दुसऱ्या रांगेत आहे.

सरांना स्टोअरच्या वरच्या खोलीत जागा दिली. जुनी उपकरणं मोडीत काढण्याच्या समितीचं काम दिलं. ते त्यांनी मन लावून केलं. प्रत्येक मोडक्या यंत्राची नोंद, काय चालतं, काय चालत नाही. कधी जिन्यात भेटले तर मी काय करतोय ते विचारायचे. लसीबद्दल कधीच नाही. निवृत्तीच्या दिवशी निरोप समारंभ ठेवला होता, तेव्हा त्यांनी रजा टाकली. सरगूरला विद्यार्थ्यांना न्यायचं माझ्यावर आलं होतं. मी एकदाही नेलं नाही.

ते निवृत्त होऊन तीन वर्षं झाल्यावर कंपनीचा अहवाल माझ्याकडे आला. तोवर त्यांच्या जागी मी होतो. कंपनीने माणसांवर जाण्याआधी तोच प्रयोग आपल्या प्रयोगशाळेत दोनदा केला होता. दोन्ही वेळा फुप्फुसं भरलेली. खाली एक ओळ होती, की योजना पुढे नेली जाणार नाही. आरडाओरडा नाही, चौकशी नाही. कुणाला इजा झाली नाही आणि कुणाला लसही मिळाली नाही. तो अहवाल दोन महिने माझ्या टेबलाच्या खणात होता. मग एका रविवारी सकाळी मी येलवालला गेलो.

दार शारदाअक्कांनी उघडलं, म्हणजे सरांच्या पत्नी. त्यांनी मला ओळखलं, घरात घेतलं, कॉफी केली. सर आणखी बारीक झाले होते. मी अहवाल त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो न वाचता गुडघ्यावर ठेवला.

“फुप्फुसं कशी होती?”

होती तशी मी सांगितली.

“पावडरीवरच केलं काय?”

“हो सर.”

“आणि ओल्यावर?”

“ओल्यावर कुणी केलं नाही.”

“आपले जुने नमुने असतील की. ओल्याचे.”

मी सांगितलं की गेल्या वर्षी शीतखोली रिकामी केली. प्रथिन तयार करणाऱ्या पेशीही त्यातच गेल्या. ते सगळं टाकून देण्याच्या कागदावर माझी सही होती, तेही सांगितलं. सहा महिने त्यांनी मागितले होते ते एवढ्याचसाठी. ओली लस कदाचित चांगली होती. कदाचित नव्हती. आता ते कुणालाच कळणार नव्हतं.

मी म्हणालो, त्या कागदाबद्दल मला बोलायचंय. तो मी द्यायला नको होता.

“तुम्ही खोटं काय दिलं नव्हतं,” ते म्हणाले. “मी लिहिलं तेच दिलं. खोटं दिलं असतं तर मी भांडलो असतो, देसाई.” ते समजावणीच्या सुरात बोलत होते. माझी समजूत काढत होते. “एकच पान दिलं त्यांनी तुम्हाला. तुम्ही तरी काय करणार? शारदाला पण मी तेच सांगितलं. ती तेव्हा फार बोलायची तुमच्याबद्दल.”

अक्का दारात उभ्या होत्या. मी निघून गेलो असतो तर चाललं असतं. सगळं तिथेच मिटलं असतं, चांगल्या रीतीने. का कोण जाणे, ते मला सहन झालं नाही.

“मी पुढचं पान वाचलं होतं, सर. तुम्ही लिहिलंत त्याच दिवशी. तुमच्या टेबलावर.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता. एखादी काच सूक्ष्मदर्शकाखाली घालून बघायचे तसं बघत होते, आणि बराच वेळ बघितलं.

मग मागच्या अंगणात नळाला पाणी आलं. येलवालला तेव्हा एक दिवसाआड यायचं. सर उठले. गुडघ्यावरचा अहवाल खुर्चीवर ठेवला आणि आत गेले. मी मदतीला उठलो तर अक्कांनी हाताने खूण करून बसवलं. बादलीत पाणी पडल्याचा आवाज यायला लागला, मग दुसरी बादली, मग पिंपात ओतल्याचा. मी बसून ऐकत होतो. काय बोलायचं ते ठरवत होतो. कितीतरी वेळाने नळ बंद झाल्याचा आवाज आला. सर आले नाहीत.

अक्का आत जाऊन आल्या. माझ्या कपातली कॉफी तशीच होती, ती त्यांनी उचलली. “त्यांना अजून वेळ आहे,” म्हणाल्या. “तुम्ही निघा म्हणतात.”

बाहेर पडून मी गाडी लावली होती त्या बाजूच्या गल्लीत आलो. तिथून कुंपणावरून मागचं अंगण दिसत होतं. पिंप भरलं होतं, बादल्या काठोकाठ भरून ओळीने ठेवल्या होत्या. करायचं काही उरलं नव्हतं. माने सर कपडे धुवायच्या दगडावर माझ्याकडे पाठ करून बसले होते. माझ्या गाडीचा आवाज त्यांना ऐकू गेलाच असणार.